बँड कुठे दिसत नाही, ते आधी विचारा

जेवणातली जास्तीची साखर यकृतात चरबी होऊन साठते, हे आता सगळ्यांनाच ठाऊक आहे. या रूपांतराच्या अगदी पहिल्या पायरीवर एक एन्झाइम काम करतं. त्याचं नाव ॲसिटिल-कोए कार्बोक्सिलेज. लॅबमध्ये आम्ही त्याला नुसतं एसीसी म्हणतो. ॲसिटिल-कोएला बायकार्बोनेटमधला एक कार्बन जोडून ते मॅलोनिल-कोए तयार करतं आणि तिथून फॅटी ॲसिडची साखळी वाढू लागते.

हा टप्पा १९५८ साली अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात सलीह वकील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलगडला. बायकार्बोनेट दिल्याशिवाय फॅटी ॲसिड बनत नव्हतं, पण बायकार्बोनेटमधला किरणोत्सारी कार्बन बनलेल्या फॅटी ॲसिडमध्ये मात्र सापडत नव्हता. म्हणजे तो मधल्या एका पदार्थात शिरतो आणि लगेच पुढच्या पायरीवर कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो. तो मधला पदार्थ म्हणजे मॅलोनिल-कोए. जे शेवटी हाती लागलं नाही, त्यावरूनच खरी गोष्ट कळली.

फॅटी लिव्हरवर काम करणाऱ्या पुण्यातल्या एका लॅबमध्ये मी हेच एन्झाइम शोधत असते. साधन नेहमीचंच, वेस्टर्न ब्लॉट. ऊतक वाटून त्यातली प्रथिनं जेलमध्ये आकारानुसार वेगळी करायची, ती एका पातळ मेम्ब्रेनवर उतरवायची आणि त्यावर एसीसीला चिकटणारी अँटिबॉडी सोडायची. अँटिबॉडी चिकटली तिथे काळा बँड उमटतो. १९७९ पासून ही पद्धत जगभर वापरात आहे आणि ती सोपी वाटते, हीच तिची अडचण. बँड उमटवणं कठीण नाही. तो बँड एसीसीचाच आहे, हे ठरवणं कठीण आहे. नव्याने आलेल्या मुलांना मी जे सांगते, ते इथे क्रमाने मांडते.

१. विकत घेण्याआधी रिकामी लेन शोधा

कंपनीच्या माहितीपत्रकावर एक सुंदर, ठसठशीत बँड छापलेला असतो. तो बघून अँटिबॉडी मागवू नये. बघायची असते ती शेजारची लेन, म्हणजे जेलवर दुसऱ्या नमुन्याची रांग. ज्या पेशींतून एसीसीचं जनुक काढून टाकलेलं आहे, त्या नॉकआउट पेशींच्या लेनमध्ये तोच बँड नाहीसा झालाय का? झाला असेल तर बोलणं पुढे जाऊ शकतं. ती लेन छापलेलीच नसेल, तर कंपनीला ईमेल करून मागावी. बऱ्याचदा मिळते.

ही काळजी अनाठायी नाही. २०२३ मध्ये वायकेरॉस या गटाने मेंदूशी संबंधित ६५ प्रथिनांवरच्या ६१४ व्यावसायिक अँटिबॉडी नॉकआउट पेशींवर तपासून निकाल प्रसिद्ध केले. निम्म्याहून अधिक अँटिबॉडी निदान एका प्रकारच्या वापरात नापास झाल्या. त्याआधी २०१६ मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटाने अँटिबॉडी तपासण्याचे पाच मार्ग मांडले होते: जनुक काढून पाहणं, अँटिबॉडीविना दुसऱ्या पद्धतीने प्रमाण मोजून ताडून पाहणं, त्याच प्रथिनाच्या वेगळ्या भागाला चिकटणारी दुसरी अँटिबॉडी वापरणं, प्रथिनाला खूण जोडून ते पेशीत बनवणं, आणि अँटिबॉडीने ओढून काढलेलं प्रथिन मास स्पेक्ट्रोमीटरने ओळखणं. पाचही मार्ग दर वेळी शक्य नसतात. पण एकही न वापरता बँडवर विश्वास ठेवणं म्हणजे निव्वळ श्रद्धा झाली.

एसीसीच्या बाबतीत यातही एक पेच आहे. त्याचं पहिलं रूप, एसीसी-१, पूर्ण शरीरातून काढलं तर उंदराचा गर्भच जगत नाही. त्यामुळे असा प्रौढ उंदीर मिळत नाही. मग नॉकआउट पेशी किंवा फक्त यकृतपेशींतून जनुक काढलेला उंदीर वापरावा लागतो. अशा यकृतातही रक्तवाहिन्यांच्या आणि प्रतिकारशक्तीच्या पेशी उरतात, त्यांचं एसीसी-१ तसंच असतं. म्हणून फिकट बँड उरला तर लगेच अँटिबॉडीला दोष देऊ नये.

२. दोन भावंडं आहेत, एक नव्हे

एसीसी-१ सुमारे २६५ किलोडाल्टनचं, एसीसी-२ सुमारे २८०चं. पहिलं पेशीद्रवात राहतं आणि चरबी बनवण्यासाठी लागणारं मॅलोनिल-कोए पुरवतं. दुसऱ्याच्या सुरुवातीला एक जादा तुकडा असतो. त्याच्या जोरावर ते मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या आवरणाशी चिकटून बसतं आणि त्याने बनवलेलं मॅलोनिल-कोए फॅटी ॲसिडला मायटोकॉन्ड्रियात जाऊ देणारा सीपीटी-१ हा मार्ग रोखतं. एक चरबी बनवायला हातभार लावतं, तर दुसरं चरबी जाळणं थांबवतं. जैविक अर्थ इतका वेगळा, पण जेलवर मात्र दोघं जवळजवळ खांद्याला खांदा लावून उभी राहतात.

अँटिबॉडी कोणाला ओळखते, हे लेबलवरच्या नावावरून ठरवू नका. सुदैवाने शरीरानेच आपल्यासाठी कंट्रोल तयार ठेवलेत. चरबीच्या ऊतकात मुख्यतः एसीसी-१ असतं, हाडांच्या स्नायूत मुख्यतः एसीसी-२, यकृतात दोन्ही. या तिघांच्या लेन शेजारी शेजारी चालवल्या की एका ब्लॉटमध्ये पुष्कळ कळतं. फक्त एसीसी-१ ओळखते म्हणवणारी अँटिबॉडी स्नायूच्या लेनमध्ये दणदणीत बँड देत असेल, तर तिच्या नावावर जाण्यात अर्थ नाही. एसीसी-२ नसलेले उंदीर जगतात, २००१ मध्येच ते तयार झाले. त्यांच्या स्नायूचा तुकडा एखाद्या सहकाऱ्याकडून मिळाला तर सोन्याहून पिवळं.

३. नाव सारखं असलं तरी प्रथिन सारखं असेलच असं नाही

लातूरकडच्या एका विद्यार्थ्याने मला विचारलं होतं, "मॅडम, आमच्याकडे सोयाबीनमध्ये गवत मारायला जे क्विझालोफॉप फवारतात, ते याच एन्झाइमवर चालतं ना?" अगदी बरोबर. गवतवर्गीय वनस्पतींच्या हरितलवकातलं एसीसी हे आपल्यासारखंच एक सलग मोठं प्रथिन असतं आणि हे तणनाशक त्याला पकडतं. सोयाबीनसारख्या द्विदल वनस्पतींच्या हरितलवकात मात्र तेच काम चार वेगवेगळे तुकडे मिळून करतात. तणनाशकाला तिथे हात घालायला जागा मिळत नाही. म्हणून गवत पिवळं पडतं आणि पीक उभं राहतं.

शेतात जे तणनाशकाला लागू, ते लॅबमध्ये अँटिबॉडीलाही लागू. ती प्रथिनाच्या एका छोट्या भागाला ओळखते. तो भाग तुमच्या प्राण्यात जसाच्या तसा आहे का, हे अनुक्रम जुळवून फुकट बघता येतं आणि त्याला थोडाच वेळ लागतो. मानवी एसीसीच्या तुकड्यावर तयार केलेली अँटिबॉडी उंदरात बहुधा चालते. कोंबडीत किंवा माशात चालेलच असं नाही. आणखी एक: उंदरात तयार झालेली अँटिबॉडी उंदराच्याच ऊतकावर वापरली, की तिला शोधून रंग देणारी सेकंडरी अँटिबॉडी त्या ऊतकातल्या मूळच्या अँटिबॉडीलाही चिकटते. ब्लॉटवर तिचे तुकडे ५० आणि २५ किलोडाल्टनला उमटतात, एसीसीपासून खूप लांब, म्हणून चालून जातं. पण स्लाइडवरच्या ऊतकात तेच सगळीकडे पसरलेला तपकिरी रंग म्हणून दिसतं.

४. यकृत काढल्यापासून घड्याळ सुरू होतं

रक्तपुरवठा तुटला की यकृतातला ऑक्सिजन झपाट्याने संपतो, एटीपी घटतं, एएमपी वाढतं. पेशीतला एएमपीके हा काइनेज याच क्षणाची वाट बघत असतो. तो जागा होतो आणि एसीसीला फॉस्फेट जोडून त्याचं काम मंद करतो. म्हणजे आपण कात्री, चिमटा, वजनकाटा यांत वेळ घालवत असताना आपल्या डोळ्यांदेखत उत्तर बदलत असतं. ब्लॉटवर जे फॉस्फो-एसीसी दिसतं, ते जिवंत प्राण्याचं की आपल्या दिरंगाईचं, हे नंतर कोणत्याही अँटिबॉडीला सांगता येत नाही.

यावर जुना आणि उत्तम उपाय आहे. द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून थंड केलेल्या चपट्या धातूच्या चिमट्यात ऊतक जागच्या जागी दाबून गोठवायचं. डंडीच्या ग्रॅहम हार्डी यांच्या गटाने १९९२ मध्ये याच रीतीने उंदरांच्या यकृतातल्या एसीसीवरचं फॉस्फेट दिवसरात्रीच्या तालावर कमीजास्त होतं, हे दाखवलं. हे प्राणी रात्री खातात. म्हणून सगळ्यांचं यकृत एकाच वेळी, एकाच खाण्याच्या अवस्थेत काढा आणि ती वेळ वहीत लिहा. सकाळी एक गट आणि दुपारी दुसरा गट घेतला, तर औषधाचा परिणाम आणि घड्याळाचा परिणाम एकमेकांत मिसळतात. मग त्यांना वेगळं काढणं अशक्य होतं.

५. एवढं मोठं प्रथिन घाईने उतरत नाही

नेहमीच्या दहा-बारा टक्क्यांच्या जेलमध्ये एसीसी वरच्या टोकालाच अडकून राहतं. सहा टक्क्यांचं किंवा ३ ते ८ टक्क्यांचं ट्रिस-ॲसिटेट जेल घ्यावं. नेहमीच्या रंगीत मार्करची सर्वांत वरची पट्टी २५० किलोडाल्टनला असते, म्हणजे आपलं प्रथिन मार्करच्याही वर! एसीसीचा आकार खात्रीने सांगायचा असेल तर मोठ्या प्रथिनांचा मार्कर वेगळा घ्यावा लागतो.

ट्रान्सफरसाठी काही मिनिटांत काम उरकणारी यंत्रं लहान प्रथिनांना छान. एसीसीसाठी ओला ट्रान्सफर, कमी व्होल्टेज, कोल्ड रूममध्ये रात्रभर. बफरमधलं मिथेनॉल २० वरून १० टक्क्यांवर आणायचं आणि चिमूटभर एसडीएस घालायचं, म्हणजे मोठं प्रथिन जेलमधून सुटतं. सकाळी मेम्ब्रेन पॉन्सोने आणि जेल कुमासीने रंगवून बघा. मेम्ब्रेनवर वरचा भाग रिकामा आणि जेलमध्ये तोच भाग निळाशार असेल, तर 'या नमुन्यात एसीसी नाही' असा निष्कर्ष काढायचा नाही. एसीसी आहे, फक्त जेलमध्ये. रिकामी जागा पुरावा ठरते ती सगळं नीट उतरलंय याची खात्री झाल्यावरच. हे पहिल्या धड्याचं कुंपण समजा.

एसीसी प्रोटिएजच्या तडाख्यात सहज सापडतं. खाली लहान बँडची शिडी दिसली तर नव्या आयसोफॉर्मचा शोध जाहीर करण्याआधी बफरमधला प्रोटिएज रोखणारा पीएमएसएफ कधी घातला होता ते पाहा. पाण्यात तो फार काळ टिकत नाही. वाटण्याच्या जरा आधीच घालायचा असतो.

६. अँटिबॉडी न घालताही बँड येतो

हे ऐकून नवी मुलं दचकतात. एसीसी काम करतं बायोटिनच्या आधाराने. हे जीवनसत्त्व त्याला कायमचं जोडलेलं असतं. आणि रंग गडद करण्यासाठी वापरली जाणारी कितीतरी किट बायोटिन-स्ट्रेप्टाव्हिडिन या जोडीवर चालतात. स्ट्रेप्टाव्हिडिनची बायोटिनवरची पकड जीवशास्त्रातल्या सर्वांत घट्ट पकडींपैकी एक. अंड्याच्या पांढऱ्यातलं अव्हिडिनही त्याच जातीचं. म्हणून तर सतत कच्चं अंडं खाणाऱ्याला बायोटिनची कमतरता होऊ शकते.

यकृताच्या ब्लॉटवर असं किट वापरलं तर प्रायमरी, म्हणजे एसीसीला चिकटणारी, अँटिबॉडी घातली नाही तरी बायोटिनवाली प्रथिनं उजळतात. २६५-२८०च्या आसपास एसीसी, १३०ला पायरुव्हेट कार्बोक्सिलेज, ७० ते ८०च्या दरम्यान आणखी दोन कार्बोक्सिलेजचे तुकडे. स्लाइडवरच्या यकृतात आणि मूत्रपिंडात हाच घोळ रंगाच्या रूपात होतो. तिथे पॉलिमरवर चालणारं किट वापरावं, किंवा ऊतकातलं बायोटिन आधी झाकून टाकावं.

पण हाच त्रास कामालाही लावता येतो. शेजारच्या मेम्ब्रेनवर नुसतं स्ट्रेप्टाव्हिडिन-एचआरपी, म्हणजे बँड उमटवणारं एचआरपी हे एन्झाइम जोडलेलं स्ट्रेप्टाव्हिडिन, सोडा. अँटिबॉडीशी काहीही संबंध नसलेल्या मार्गाने एसीसी कुठे उभं आहे ते कळतं, आणि तुमच्या अँटिबॉडीचा बँड तिथेच आहे का ते ताडता येतं. असं करताना मेम्ब्रेन दुधाने ब्लॉक करू नका. दुधात बायोटिन असतं.

७. फॉस्फो-अँटिबॉडीला फॉस्फेट काढून दाखवा

एएमपीके एसीसी-१ वर जिथे फॉस्फेट जोडतो त्या जागेला सेरिन-७९ म्हणतात. हा आकडा उंदराच्या प्रथिनावरून आला. माणसात तीच जागा ८० क्रमांकाची. एसीसी-२ मधली जोडीदार जागा उंदरात २१२ आणि माणसात २२१. या जागांच्या आजूबाजूचा अनुक्रम इतका सारखा आहे की सेरिन-७९ची अँटिबॉडी सहसा दोन्ही भावंडांना ओळखते. स्नायूत तिने बँड दिला तर तो बहुधा एसीसी-२चा, आणि पेपरमध्ये तसंच लिहायला हवं.

ही अँटिबॉडी खरोखर फॉस्फेटच बघते का, हे तपासायला लॅम्डा फॉस्फेटेज हे स्वस्त हत्यार आहे. नमुन्यातलं फॉस्फेट काढून टाकलं की फॉस्फो-बँड जायला हवा आणि एकूण एसीसीचा बँड तसाच राहायला हवा. यासाठी वेगळा नमुना बनवा, ज्यात फ्लोराइड, व्हॅनेडेट आणि ईडीटीए नाहीत. ही द्रव्यं फॉस्फेटेजलाच बंद पाडतात. दुसऱ्या बाजूला पेशींना एएमपीकेला जागं करणारं आयकार किंवा फेनफॉर्मिन देऊन सिग्नल वाढतो का तेही बघा. सर्वांत कडक कंट्रोल २०१३ मध्ये तयार झाला: दोन्ही जागांवर सेरिनऐवजी ॲलनिन बसवलेले उंदीर. त्यांच्यात फॉस्फेट जोडायला जागाच नाही. याच उंदरांनी एक मोठी गोष्टही सांगितली. मधुमेहाची घरोघरी माहीत असलेली मेटफॉर्मिनची गोळी त्यांच्यात इन्सुलिनचा परिणाम सुधारू शकली नाही. बँडच्या त्या एका जागेला किती वजन आहे, ते यावरून समजावं.

८. भागाकार केल्याशिवाय फॉस्फो-बँड वाचू नका

उपाशी ठेवलेल्या प्राण्याला भरपूर पिष्टमय खाणं दिलं की इन्सुलिन वाढतं, चरबी बनवणारी जनुकं चालू करणारा एसआरईबीपी-१सी कामाला लागतो आणि यकृतात एसीसीचं एकूण प्रमाण कित्येक पटींनी वाढतं. त्याच वेळी प्रत्येक रेणूवरचं फॉस्फेट मात्र कमी होतं. अशा वेळी फॉस्फो-बँड एकटा पाहिला तर तो वाढलेला किंवा जैसे थे दिसू शकतो आणि आपण नेमका उलटा निष्कर्ष काढतो. फॉस्फोला एकूणाने भागा, आणि भागाकारासोबत दोन्ही मूळ आकडेही दाखवा. भागाकार वाढला तो अंश वाढल्यामुळे की छेद घटल्यामुळे, हे वाचणाऱ्याला कळायला हवं.

एकच मेम्ब्रेन स्ट्रिप करून, म्हणजे पहिली अँटिबॉडी काढून टाकून, पुन्हा वापरण्याची सवय मला आवडत नाही. स्ट्रिप करताना मोठ्या प्रथिनाचा थोडा भाग निसटतो आणि पहिल्या अँटिबॉडीचा थोडा भाग उरतो. दोन वेगळ्या प्राण्यांत बनलेल्या अँटिबॉडी वेगवेगळ्या फ्लुरोसंट रंगांत एकत्र वापरणं उत्तम. ते परवडत नसेल तर एकाच नमुन्याची दोन जेल एकाच दिवशी चालवा.

९. तुलनेचं प्रथिन स्थिर असावं लागतं

सगळ्या लेनमध्ये सारखं प्रथिन भरलंय हे दाखवायला वर्षानुवर्षं जीएपीडीएच वापरतात. पण जीएपीडीएच हे स्वतःच ग्लायकॉलिसिसचं, म्हणजे चयापचयाचंच एन्झाइम आहे. इन्सुलिन आणि ऑक्सिजनची कमतरता, दोन्हींनी त्याचं प्रमाण हलू शकतं. चयापचय बदलणाऱ्या प्रयोगात चयापचयाच्याच एन्झाइमला मोजपट्टी बनवणं शहाणपणाचं नाही. शिवाय ते ३७ किलोडाल्टनचं. सहा टक्क्यांच्या जेलमधून ते केव्हाच निघून गेलेलं असतं, मग लोक ते दुसऱ्याच जेलवर चालवतात आणि तुलना कागदावरच उरते. सुमारे १२० किलोडाल्टनचं व्हिन्क्युलिन बरं, आणि त्याहून चांगला म्हणजे संपूर्ण लेनमधल्या एकूण प्रथिनाचा रंग.

एकदा तरी एकच नमुना निम्मा, पाव, अष्टमांश असा भरून बघा. बँडची तीव्रता त्याच प्रमाणात उतरली नाही, तर सिग्नल भरून वाहतोय. काळ्याकुट्ट बँडमधला दुपटीचा फरक डोळ्याला आणि कॅमेऱ्याला, दोघांनाही दिसत नाही.

१०. लॉट नंबर हा निकालाचा भाग आहे

सशाच्या रक्तातून काढलेली पॉलिक्लोनल अँटिबॉडी त्या सशाबरोबर संपते. पुढचा लॉट दुसऱ्या सशाचा, कॅटलॉग नंबर तोच. १९७५ मध्ये कोहलर आणि मिलस्टीन यांनी मोनोक्लोनलची वाट दाखवल्यापासून हा प्रश्न बराच सुटला. आता अँटिबॉडीचा जनुकीय अनुक्रम ठाऊक असलेल्या रिकॉम्बिनंट अँटिबॉडी मिळतात, आणि वायकेरॉसच्या तपासणीत सरासरीने त्याच सर्वांत भरवशाच्या ठरल्या. काहीही असो, वहीत आणि पेपरमध्ये क्लोन, लॉट नंबर आणि आरआरआयडी हा अँटिबॉडीचा ओळख क्रमांक लिहा.

जुनी नळी संपण्याआधी नवी मागवा आणि दोन्ही एकाच नमुन्यावर चालवा. त्यासाठी उपाशी प्राण्याच्या यकृताचा मोठा साठा छोट्या नळ्यांत भरून उणे ८० अंशांवर ठेवून द्यावा. लॅबची ती खरी ठेव. पन्नास टक्के ग्लिसरॉलमधली अँटिबॉडी उणे २० अंशांवर गोठत नाही, तिला फ्रॉस्ट-फ्री फ्रीजरमध्ये ठेवू नये. सोडियम ॲझाइड एचआरपीला मारतं, म्हणून धुण्याच्या बफरमध्ये ते टाकू नये. एका छोट्या नळीची किंमत विद्यार्थ्याच्या महिन्याच्या फेलोशिपशी बरोबरी करते. त्यामुळे पार्सल शुक्रवारी संध्याकाळी येऊन सोमवारपर्यंत गेटवर पडून राहणार नाही, हे फोन करून ठरवणं हाही प्रयोगाचाच भाग.

११. बँड म्हणजे हजेरी, काम नव्हे

एसीसी सायट्रेटच्या सान्निध्यात लांबलचक तंतूंमध्ये गुंफलं जातं आणि जोमाने काम करतं. लांब साखळीचे फॅटी ॲसिल-कोए त्याला थांबवतात. एसडीएसने उलगडलेल्या जेलमध्ये हे सगळं पुसलं जातं. बँड तेवढाच दिसतो, पण एन्झाइम झोपलेलं की धावणारं, ते कळत नाही. औषधांचंही तसंच. एसीसी रोखणारं औषध दिलं की मॅलोनिल-कोए कोसळतं, तरी एन्झाइमचा बँड जागेवरच असतो.

आणि एन्झाइम खरोखर थांबलं तरी शरीर त्याला कसं उत्तर देईल, हे तर आणखीनच पुढचं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात यकृतातली दोन्ही एसीसी रोखणारं एमके-४०७४ हे औषध फॅटी लिव्हरच्या रुग्णांना दिलं. यकृतातली चरबी ३६ टक्क्यांनी उतरली, पण रक्तातले ट्रायग्लिसराइड २०० टक्क्यांनी वाढले. कारण मॅलोनिल-कोए फॅटी ॲसिडची साखळी लांबवायलाही लागतं. ते घटलं, तशी लांब असंतृप्त फॅटी ॲसिडं घटली, त्यांचा एसआरईबीपी-१सी वरचा लगाम सुटला आणि यकृत रक्तात चरबी जास्त सोडू लागलं. म्हणून कामाबद्दल दावा करायचा असेल तर किरणोत्सारी बायकार्बोनेट किती बांधलं जातं ते मोजा किंवा मॅलोनिल-कोए थेट मोजा. अँटिबॉडीला 'किती आहे' विचारावं. 'काय करतंय' हे तिला ठाऊक नसतं.

१२. पेपरमध्ये रिकामी लेन छापा

प्रकाशनाच्या वेळी ब्लॉट कापून एक देखणी पट्टी ठेवण्याचा मोह सगळ्यांना होतो. जागा कमी असते, संपादक घाईत असतात. तरीही संपूर्ण मेम्ब्रेन, मार्करसकट, पुरवणीत द्या. नॉकआउट लेन, फॉस्फेटेज दिलेली लेन, प्रायमरी न घातलेली लेन, स्नायू आणि चरबीच्या लेन, सगळ्या. पुढच्या गावातल्या, कमी पैशांच्या लॅबमधली विद्यार्थिनी तीच अँटिबॉडी घ्यावी की नाही, हे तुमच्या त्या चित्रावरून ठरवणार आहे. तिला तुमच्या ठसठशीत बँडचा उपयोग थोडा. तो कुठे उमटला नाही, ते कळलं तर तिची नळीही वाचेल आणि वर्षही.